पाठपोट

“बाळ, जरा ताईला फोन दे,” पलीकडून आवाज आला.

“मीच बोलतो,” मी म्हणाले.

“नाही, मला स्वरूपा सासने हवी आहे. तुझी बहीण असेल ना ती?”

“मीच की स्वरूपा. बोलतोय न्हवं मघापासनं.”

पलीकडं आमचे फुटबॉलचे आगाशे सर होते. त्यांची पुण्याहून कोल्हापूरला बदली होऊन दोनच महिने झाले होते, आणि आमच्याकडच्या मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात हे त्यांच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

“बरं, स्वरूपा. अभिनंदन. तुला मी संघाची कर्णधार केलं आहे. उद्या पहाटे साडेपाचला मैदानावर ये.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांचं रविवारी बघू,” असं म्हणून सरांनी फोन ठेवला.

मी तोंडातला भडंगाचा घास तसाच धरून उभी राहिले. कर्णधार, आणि मी? पिंपळपार तालीम मंडळाच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघात आम्ही सोळा जणी होतो, आणि पळायचा कंटाळा या एका विषयात मी सोळाजणींत पहिली आले असते. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि आमच्या तालमीचा मुलांचा संघ म्हणजे पेठेचा जीव की प्राण. सामना हरला की दोन दिवस पेठेत कुणी कुणाशी धड बोलत नसे. मुलींचा संघ मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच निघाला होता. माझी मैत्रीण यास्मिन मुजावर त्यात गेली म्हणून मी गेले, आणि सराव संपल्यावर सगळ्याजणी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जायच्या म्हणून टिकले.

यास्मिनचं तसं नव्हतं. तिच्या पायात चेंडू आला की समोरच्या पोरी खेळायचं सोडून बघत राहायच्या. ती झोपेतही लाथा मारते, अशी तिच्या धाकट्या बहिणीची कायमची तक्रार होती. दिवाळीनंतर शहरातल्या तालमींच्या मुलींची स्पर्धा होणार होती, पहिलीच, आणि राज्याच्या शिबिरासाठी मुली निवडायला तिथं माणसं येणार होती. यास्मिनचा सगळा जीव त्या स्पर्धेत अडकला होता. तिला सोडून सरांनी मला कर्णधार का करावं, हे मला काही केल्या कळेना.

त्याचं मूळ आदल्या दिवशीच्या, म्हणजे रविवारच्या, फॉर्ममध्ये होतं. सर बँकेत नोकरीला. संध्याकाळी आणि सुट्टीला आम्हाला शिकवायचे, पैसे घ्यायचे नाहीत, पण जे काही असेल ते लेखी असावं असा त्यांचा बाणा होता. सराव संपल्यावर त्यांनी आम्हाला ओळीत बसवलं आणि एकेक कागद हातात दिला.

“मी कुणावर जबरदस्ती करणार नाही,” ते म्हणाले. “खेळाला तुम्ही किती द्यायला तयार आहात ते तुम्हीच लिहा. जेवढं लिहून द्याल तेवढंच मी मागेन. फॉर्म नीट वाचा, घरच्यांची सही घ्या आणि उद्या तालमीत दत्तूमामांकडे देऊन टाका.”

फॉर्मवर नाव, जन्मतारीख, रक्तगट, आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती : ‘बांधिलकीची पातळी : १ २ ३. एका आकड्याभोवती गोल करा.’

“बांधिलकी म्हंजे काय गं?” कट्ट्यावर दुधाचा ग्लास हातात घेऊन मी विचारलं.

“म्हंजे फुटबॉल आपल्याला किती पायजे ते,” यास्मिन म्हणाली. तिनं फॉर्म कट्ट्याच्या भिंतीला लावला आणि ‘१’भोवती इतक्यांदा गोल फिरवला की कागद फाटायला आला. “एक नंबर. आपलं कामच एक नंबर. दुसरा-तिसरा कोण लिवंल?”

तिचं बघून बाकीच्या चौदाजणींनीही एकावर गोल केला. मी मात्र विचार केला. पहिल्या नंबरच्या पोरींना सर घाम फुटेस्तोवर पळवणार, हे उघड होतं. तिसऱ्या नंबरच्या पोरीच्या वाटेला कोण जाईल? रविवारी यावं, थोडं खेळावं, दूध प्यावं, एवढीच माझी बांधिलकी होती. घरी आल्यावर मी गुपचूप तीनवर गोल केला. पप्पा मंडपाच्या कामात होते. त्यांनी फॉर्म न वाचता सही ठोकली.

आणि सोमवारी सरांचा हा फोन.

तो फोन झाल्यावर मी तालमीत जाऊन फळा बघितला. सरांच्या वळणदार अक्षरात यादी लावलेली होती. वर ‘रोज सराव’, आणि त्याखाली एकटी मी. मग ‘फक्त रविवार’, आणि त्याखाली पंधरा नावं. यास्मिनचं नाव शेवटी होतं, आणि ती स्वतः फळ्यासमोर उभी होती.

“सरांना काय खायला घातलंस?” तिनं विचारलं.

“शप्पथ, मला काय म्हाईत न्हाई.”

“आम्ही रविवारच्या लायकीच्या. आणि तू कॅप्टन.”

“जाऊन विचार की सरांना.”

“मी कशाला विचारू? दोन महिनं त्यांच्यासमोर खेळतोय. त्यांना माझा खेळ दिसला न्हाई, तर विचारून काय दिसणार हाय?” एवढं बोलून ती गेली. यास्मिन मानी होती. ती रडली असती तर मला परवडलं असतं.

घरी वेगळाच थाट. पप्पांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्यामुळं बांबू घरचे आणि फ्लेक्स छापणारा मित्र. मंगळवारी संध्याकाळपर्यंत चौकात दहा फुटी फ्लेक्स उभा राहिला. मावसबहिणीच्या लग्नातला माझा नऊवारीतला फोटो, आणि हातातल्या करंड्याच्या जागी फुटबॉल. ‘पिंपळपारची वाघीण कु. स्वरूपा सासने हिची कर्णधारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली तेवीस शुभेच्छुकांचे चेहरे होते. त्यातल्या दोघांना आपण शुभेच्छुक आहोत हे फ्लेक्स लागल्यावर कळलं.

मंगळवारी पहाटे मी मैदानावर गेले तेव्हा तिथं सर, एक चेंडू आणि मी, एवढेच होतो.

“सर, मलाच का बोलवलंय?”

“तू लिहिलंस म्हणून,” सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

मी पळत पळत त्याचा अर्थ लावला. शाळेत कच्च्या मुलांना जादा तासाला बोलावतात. मी तिसरा नंबर लिहिला म्हणजे कच्ची. म्हणून रोज जादा तास. राहता राहिलं कर्णधारपद. आमच्या वर्गात सगळ्यांत दंगेखोर पोराला बाईंनी मॉनिटर केलं होतं, जबाबदारी पडली की सुधारतो म्हणून. तेच माझ्याबाबतीत झालेलं दिसत होतं. सगळं नीट जुळत होतं, आणि जुळल्यावर मी आणखी प्रश्न विचारायच्या भानगडीत पडले नाही.

पहिल्या दिवशी चौथ्या फेरीला मी मैदानाच्या कडेला आडवी झाले. सर काही ओरडले नाहीत. “झालं? आता पाचवी,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की मी जिन्यावरून बसत बसत खाली उतरले. आई म्हणाली, “कॅप्टनसाहेब, सांभाळून.” सरांनी त्या दिवशी मला डाव्या पायानं चेंडू थांबवायला शिकवलं. सत्तर वेळा चेंडू आला आणि सत्तर वेळा मला सोडून निघून गेला. एकाहत्तराव्या वेळी तो माझ्या पायाशी गप्प बसला.

“बघ,” सर म्हणाले. “तुझ्यात आहे हे. तू कुणाला दाखवत नव्हतीस, इतकंच.”

मला असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. गुरुवारी मी गजर व्हायच्या आधी उठले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं. फक्त एक गोष्ट डाचत होती. चेंडू अडवून झाल्यावर मान वर करावी, तर पास द्यायला समोर कुणी नसायचं. सर हात वर करून उभे राहायचे, पण सरांना पास देणं म्हणजे फळ्याशी गप्पा मारल्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी सरांनी मला त्यांच्या पिशवीतून शिट्टी आणायला सांगितलं. शिट्टी फाइलच्या खाली गेली होती. फाइल उचलली तर आमचे फॉर्म खाली सांडले, आणि माझाच फॉर्म पालथा पडला. पालथा, आणि कोरा नव्हता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं :

‘पातळी १ : फक्त रविवारी येईन. पातळी २ : आठवड्यातून तीन दिवस येईन. पातळी ३ : रोज येईन. हंगामात लग्नकार्य, सहल, इतर खेळ यांसाठी सुट्टी मागणार नाही.’

मी ते दोनदा वाचलं. मग यास्मिनचा फॉर्म उचलून उलटा केला. त्यावरही तेच. फॉर्म पाठपोट होता, आणि सोळापैकी एकीनंही तो उलटून बघितला नव्हता. झेरॉक्सच्या मागं काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आमच्या शाळेत मागची बाजू कच्चं गणित करायला असायची.

सर जवळ आले. “वाचतेस? बघ, पंधरा मुलींना फक्त रविवार हवा आहे. मला हे अपेक्षितच होतं. पुण्यातही मुलींच्या संघांचा हाच अनुभव.”

“सर, स्पर्धा…”

“नावं द्यायची मुदत उद्या संध्याकाळी संपते. एका मुलीचा संघ होत नाही. मी मंडळाला कळवतो की या वर्षी आपला संघ नाही.” मग माझ्या तोंडाकडं बघून ते म्हणाले, “तू काळजी करू नकोस. मिरजेच्या एका क्लबला एक मुलगी कमी आहे. मी तुझ्याबद्दल बोललो आहे. तू तिकडच्या स्पर्धेत खेळशील.”

त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी शिट्टी त्यांच्या हातात दिली आणि पळायला लागले.

दिवसभर मी वर्गात बसून हिशेब मांडत होते. सांगितलं तर सर मला विचारणार, मग तू तीन का लिहिलंस? त्याचं खरं उत्तर दिलं की कर्णधारपद गेलं, मिरज गेली आणि तो डावा पायही गेला, असं मला वाटत होतं. चौकातल्या दहा फुटी वाघिणीचं काय करायचं ते वेगळंच. आणि नाही सांगितलं तर संघ नाही, स्पर्धा नाही, यास्मिनचं शिबिर नाही. तेही कुणाला कधी कळलं नसतं. सगळ्या सरांनाच नावं ठेवत बसल्या असत्या.

शाळेतून येताना मी मुद्दाम मुजावरांच्या बोळातून आले. यास्मिन घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत होती. एकटीच, उजवा पाय, डावा पाय. मला बघून तिनं चेंडू थांबवला नाही.

“यास्मिन, फॉर्म पाठपोट होता,” मी म्हणाले.

“कसला फॉर्म?”

मी सगळं सांगितलं. एक म्हणजे काय, तीन म्हणजे काय, आणि उद्याची मुदत. चेंडू भिंतीवरून परत आला आणि तिच्या पायाशेजारून निघून गेला. तिच्याकडून चेंडू सुटलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“म्हंजे आम्ही पंधराजणींनी लिहून दिलंय, आम्हाला फुटबॉल नको म्हणून?”

“सही-शिक्क्यानिशी.”

“आणि एवढा दाबून गोल मारलाय मी,” ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून जी हसायला लागली ती खालीच बसली. मीही बसले. आमचं हसणं ऐकून तिची अम्मी बाहेर डोकावून गेली.

मग ती थांबली. “पण तू तीन का लिवलंस?”

“मला रोज यायचंच न्हवतं. तीन म्हंजे सगळ्यांत खालचा, असं वाटलं.”

“म्हंजे सगळ्यांत आळशी म्हणून तू कॅप्टन झालीस.”

“व्हय. आणि आता सांगितलं की ते जातंय.”

“मग सांगाय का आलीस? गप बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?”

“एकटी पळून पळून वीट आला,” मी म्हणाले. “पास द्यायला कोण न्हाई.”

यास्मिननं उठून मलाही उठवलं. तिनं चेंडू उचलून माझ्या डाव्या पायाकडं टाकला. मी थांबवला. तिनं भुवया वर केल्या, आणि मला बरं वाटलं.

आता घर उरलं होतं. पप्पा मंडपाची दोरी गुंडाळत बसले होते. मी म्हणाले, “पप्पा, चौकातला फ्लेक्स उतरवा लागतोय,” आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. पप्पांनी दोरी गुंडाळणं थांबवलं नाही. वाईट त्यांनाही वाटलं होतं, ते दिसत होतं. गुंडाळी बाजूला ठेवून म्हणाले, “किती दिवस व्हतीस म्हणायची?”

“पाच.”

“मग उतरवायचा कशाला? पुढं ‘माजी’ चिकटवतो. आपल्या गावात आजीपेक्षा माजीला मान जास्त.” आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी वाघिणीच्या डोक्यावर ‘माजी कर्णधार’ अशी तिरकी पट्टी आली. चौकातून जाताना मी मान खाली घालायची, पप्पा मात्र शर्ट नीट करायचे.

शनिवारी पहाटे साडेपाचला सर आले तेव्हा मैदानावर सोळा मुली उभ्या होत्या. यास्मिननं रात्री जेवायच्या आत घरोघर निरोप पोचवला होता. सरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आम्हाला.

“आज रविवार नाही,” ते म्हणाले.

यास्मिननं मला कोपरानं ढोसलं. मी पुढं झाले.

“सर, फॉर्म पाठपोट होता. कुणी उलटून बघितला न्हाई. एक नंबर म्हंजे सगळ्यांत भारी, असं समजून ह्यांनी एक लिवलं. ह्यांना रोज यायचंय.”

सरांनी फाइल काढली. एकेक फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला. यास्मिनच्या फॉर्मवरच्या त्या फाटायला आलेल्या गोलावरून त्यांनी बोट फिरवलं. मग चष्मा काढला आणि रुमालानं उगाचच पुसत बसले.

“मी साधं एकदा विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “मुली येणार नाहीत असं मी पुण्याहूनच ठरवून आलो होतो. कागदावर तेच दिसलं, म्हणून लगेच पटलं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आणि तू? तूही उलटून पाहिलं नव्हतंस?”

“न्हाई सर.”

“मग तीन म्हणजे…”

“तिसरा नंबर. मला फक्त रविवारीच यायचं होतं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. “कर्णधार कोण, हे मग पुन्हा ठरवावं लागेल,” ते म्हणाले, आणि सगळ्या माना यास्मिनकडं वळल्या. तिचं नाव मीच घेतलं.

संघाची नावं त्या संध्याकाळी वेळेत गेली. स्पर्धेत आम्ही दुसरा सामना हरलो, यास्मिन शिबिराला निवडली गेली आणि पुढं कॉलेजभर खेळली. पण या गोष्टीला सतरा वर्षं झाली तरी मला आठवतं ते त्या पहाटेचंच. सरांनी पिशवीतून कोरे फॉर्म काढले आणि वाटायला सुरुवात केली. पोरी मांडीवर कागद ठेवून, आधी मागची बाजू वाचून, तीनवर गोल करत होत्या. पंधरा फॉर्म संपले. माझ्यापाशी येऊन सरांनी फाइल बंद केली.

“सर, मला?”

“तुझा भरलेला आहे.”

“पण तो चुकून भरलाय, सर.”

“आकडा चुकून लिहिलास,” सर म्हणाले. “मंगळवारी आलीस, बुधवारी आलीस. गुरुवारी माझ्याही आधी येऊन बसली होतीस. तेही चुकून?”

डोळे भरून आले, ते दिसू नयेत म्हणून मी वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली.

“मग पळायला लागा,” सर सगळ्यांना म्हणाले. “पाच फेऱ्या.”

मी निघाले. एरवी मी सगळ्यांच्या मागं, गप्पा मारत असायची. त्या दिवशी पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तरी माझ्या पुढं कुणीच नव्हतं. मागून पंधराजणींच्या पावलांचा आवाज येत होता. तिसऱ्या फेरीला त्यातली दोन पावलं धापा टाकत माझ्या जवळ आली आणि यास्मिननं मागून माझा टी-शर्ट धरला.

“लगा, जरा हळू पळ की,” ती म्हणाली. “कॅप्टन मागं राहिलाय.”